ऑपरेशन फेल गेलं म्हणे!

बरेच वीकेंड इथे काहीच टाकलं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. पण खरं सांगायचं तर एक विषय डोक्यात अडकून बसला होता आणि तो लिहायची हिंमत होत नव्हती. आज शनिवार आहे, लाईट आहे, नेट चालू आहे (मालवणात ह्या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळणं म्हणजे योगच), तेव्हा लिहूनच टाकतो.

तर मंडळी, गोष्ट २०२५ च्या चवथीची. गणेश चतुर्थीला आमच्याकडे चवथच म्हणतात. घरात मुंबईकरांची गर्दी, मी स्टुलावर चढून माटवी बांधतोय, खालून काकीचा आवाज:

"काय रे झिला, पोट कापून घेतलंस ना मरे? मगे परत कसो वाढलंस?"

मी हसलो. असं हसायची आता सवय झालीय. काकीने वर आणखी एक वाक्य टाकलं, "पैशे दर्यात गेले म्हणाचे!" आणि ती नारळ फोडायला निघून गेली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या पानात सगळ्यात मोठा मोदक तिनेच वाढला. पण स्टुलावर उभ्या उभ्या मला जाणवलं की गेली तीन वर्षं मी स्वतःला नेमकं हेच सांगत आलोय. पैसे दर्यात गेले. ऑपरेशन फेल गेलं. म्हणजेच, मी फेल गेलो.

आजची पोस्ट ह्या 'फेल' शब्दाच्या विरोधात आहे.

आधी माझा डेटा, म्हणजे लपवाछपवी नको. उंची १७० सेंटिमीटर. जानेवारी २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दोन महिने आधी, मुंबईतल्या एका हॉस्पिटलात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. तेव्हा मी २३ वर्षांचा होतो आणि वजन १२६ किलो, बीएमआय ४३ च्या वर. ह्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. दीड वर्षात मी ८४ किलोवर आलो. मग वर्षभर काटा तिथेच. मग ८७, ९१, ९६... आज सकाळी १०३.

म्हणजे ४२ किलो गेले आणि १९ परत आले.

आता ह्याच आकड्यांकडे जरा इंजिनिअरसारखं बघू. फिनलंडमध्ये 'स्लीव्हपास' नावाची एक चाचणी झाली. २४० पेशंट, निम्म्यांना स्लीव्ह, निम्म्यांना बायपास, आणि पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा. जास्तीचं वजन किती टक्के कमी झालं हे त्यांनी मोजलं. जास्तीचं म्हणजे बीएमआय २५ च्या वरचं. स्लीव्हवाल्यांचा आकडा पाच वर्षांनी ४९ टक्के होता आणि दहा वर्षांनी साधारण ४३.५ टक्के. मी एक्सेल उघडलं. माझं जास्तीचं वजन होतं सुमारे ५४ किलो, त्यातले आज २३ कमी आहेत. म्हणजे जवळजवळ ४३ टक्के.

थोडक्यात, मी पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा थोडा मागे आहे. पण ज्याला घरी-दारी, ऑफिसात आणि माझ्या स्वतःच्या डोक्यात 'फेल' म्हणतात, तो निकाल चांगल्या देखरेखीखालच्या पेशंटांमध्येही अगदी मधोमध बसणारा निकाल आहे! हे मला कळलं २०२५ साली. ऑपरेशनच्या आधी कोणी सांगितलं होतं का? नाही. मला फोटो दाखवले होते.

ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. डावीकडे एक उदास जाडा माणूस, उजवीकडे तोच माणूस जुन्या पॅंटीचा कमरपट्टा हातभर पुढे ओढून हसतोय. ह्या फोटोंवर तारीख कधीच नसते. मी सांगतो ती कधीची असते: ऑपरेशननंतर एक ते दोन वर्षांची, कारण वजन सगळ्यात खाली असतं ते तेव्हाच. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन केलेले सुमारे दोन हजार लोक आणि न केलेले तेवढेच लोक होते. त्यातल्या बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहा वर्षांनी ते उतरलेलं प्रमाण २५ टक्क्यांवर आलं. बॅंडवाल्यांचं २० वरून १४ वर आलं. म्हणजे थोडं वजन परत येणं हा अपघात नाही, तो ग्राफचा नेहमीचा आकार आहे. आणि हे आकडे २००७ पासून छापलेले आहेत! तरी भिंतीवर लागतो तो दीड वर्षाचाच फोटो. आम्ही क्लायंटला लॉंचच्या दिवसाचा डेमो दाखवून पुढच्या दहा वर्षांचं बिल लावलं तर क्लायंट आम्हाला दारात उभं करणार नाही.

"मग ऑपरेशन फालतूच की!" असं लगेच कोणीतरी म्हणेल. थांबा. त्याच स्वीडिश अभ्यासात ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, बाकीचे फरक जमेस धरून, सुमारे २९ टक्क्यांनी कमी निघालं. माझंच बघा. २०१९ मध्ये मी रात्री झोपेत घोरता घोरता श्वास अडकून उठायचो, बाबा बाहेरच्या खोलीतून हाका मारायचे. आज १०३ किलोवरही मी रात्रभर झोपतो. सिंधुदुर्ग किल्ल्यात जायला होडीतून उतरताना चारजणांनी हात द्यावा लागत नाही. ऑपरेशनने काम केलं. पण ऑपरेशनने आजार संपत नाही, तो आटोक्यात येतो. ह्या दोन वाक्यांतल्या फरकावर माझी सगळी तक्रार उभी आहे.

आता सगळ्यांचा आवडता मुद्दा: "खातोस म्हणून वाढतं."

हो, खातो. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर रात्री साडेअकरापर्यंत कॉल, मग डोकं भणभणलेलं, मग मालवणी खाजाची पुडी. बारक्या झालेल्या पोटात भाकरी आणि सुकं मटण दोन घासांत अडतं, पण खाजा, शिरवाळ्यांचा गोड रस, आइस्क्रीम, बिअर हे सगळं काही न अडता सुळकन खाली उतरतं. ही माझी चूक, कबूल. पण पहिली दोन वर्षं मी हाच माणूस होतो, कॉल हेच होते, आणि खाजाचं दुकानही तिथेच होतं. तेव्हा मला भूकच लागत नव्हती. तिसऱ्या वर्षी ती परत आली. एखाद्या संध्याकाळी अचानक, जुन्या ओळखीच्या माणसासारखी.

ह्यामागे शरीराचं एक गणित आहे. वजन उतरलं की शरीराला तो दुष्काळ वाटतो. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ५० लोकांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीवर ठेवलं. वर्षभरानंतरही त्यांची भूक वाढवणारी हार्मोन्स वर आणि पोट भरल्याचं सांगणारी खालीच होती. अमेरिकेतल्या त्या 'बिगेस्ट लूझर' कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन तर वाचवत नाही. ऑपरेशन नाही, नुसता घाम आणि उपास. सरासरी ५८ किलो उतरवले आणि सहा वर्षांत ४१ परत आले. आणि स्वस्थ पडल्या पडल्या त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे शेजारचा माणूस जेवढं खाऊन आहे तसा राहतो, तेवढंच खाऊन ह्यांचं वजन वाढणार! ह्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग चष्मा लागणं म्हणजेही नीट न बघण्याचा आळस म्हटला पाहिजे.

ऑपरेशन ह्या दुष्काळी यंत्रणेला बऱ्यापैकी गप्प बसवतं, म्हणून ते नुसत्या डाएटपेक्षा सरस. पण कायमचं आणि सगळ्यांच्या बाबतीत नाही. हळूहळू ती नळी थोडी सैल होते, भूक परत येते, शरीर कमी जाळायला शिकतं. वर अपुरी झोप, काही औषधं, ताण ह्यांची भर.

असो. आता मी ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो भाग. हा लिहिताना हात थोडा अडखळतोय.

२०२४ च्या पावसाळ्यात माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं बसून बसून असेल. मग जिना उतरताना पायरी नीट कळेना. कुडाळला एका डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी विचारलं, "पूर्वी कधी ऑपरेशन वगैरे झालंय का?"

मी म्हटलं, "नाही."

अक्षरशः एका सेकंदात, विचार न करता. कारण 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं असतं आणि मनात म्हटलं असतं... काकी म्हणाली तेच. डॉक्टरांनी तपासायला शर्ट वर करायला सांगितला. दुर्बिणीच्या ऑपरेशनचे पाच बारके व्रण त्यांना दिसले. त्यांनी काहीही न बोलता चिठ्ठीवर लिहिलं, बी-१२. रिपोर्ट आला, बी-१२ तळाला. जठराचा मोठा भाग गेला की बी-१२ शोषून घेणं अवघड होतं, त्यामुळे ते, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ह्यांच्यावर जन्मभर लक्ष ठेवावं लागतं. मला हे डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं. पण मी तीन वर्षं तपासणीला गेलोच नव्हतो. का नाही गेलो? लाज वाटत होती म्हणून. वजन वाढलंय, त्या काट्यावर परत कसं उभं राहायचं? गोळ्याही बंद केल्या, कारण ती बाटली बघितली की ऑपरेशन आठवायचं. इंजेक्शनं घेऊन मुंग्या गेल्या. अजून उशीर झाला असता तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकलं असतं.

मला त्या १९ किलोंनी आजारी पाडलं नव्हतं. मला लाजेने आजारी पाडलं. 'फेल' ह्या शब्दाची किंमत ही अशी असते, आणि ती शब्द वापरणारा भरत नाही.

आणि ह्यात एक गंमतही आहे (आमच्या धंद्यातल्यांना पटकन कळेल). जो सर्व्हर बंद पडलाय तो लॉग पाठवत नाही. फक्त चालू सर्व्हरचे लॉग बघून "सगळं शंभर टक्के आहे" म्हणणाऱ्या ज्युनिअरला आपण काय म्हणतो? इथेही तेच होतं. वजन परत आलेला माणूस तोंड लपवतो, फॉलो-अपला येत नाही, मग यादीत उरतात ते टिकलेले, आणि त्यांच्यावरून निकाल छान दिसतात. हे बघून पुढचा पेशंट येतो, त्याचं वजन परत येतं, त्याला वाटतं असा मी एकटाच, आणि तोही गायब होतो.

मला ज्या हॉस्पिटलने ऑपरेशनच्या आधी आठवड्यात चार फोन केले, त्यांनी नंतरच्या तीन वर्षांत एकही केला नाही. मीही केला नाही हे खरं. पण त्यातला धंदा कोण करत होतं?

विमावाल्यांचंही तसंच. आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम एकसारखे केले: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत काही ठराविक गंभीर आजार, आधीचे उपाय थकलेले, वगैरे अटी बसल्या तर हे ऑपरेशन विम्यातून होऊ शकतं. ही चांगलीच गोष्ट. माझंही कंपनीच्या पॉलिसीतून झालं. (तेव्हा काकी, दर्यात गेले ते पैसे विमा कंपनीचे!) पण त्यानंतर? डिस्चार्जनंतरचा खर्च पॉलिसीत साधारण ६० किंवा ९० दिवस मिळतो. आणि वजन परत यायला लागतं दोन-तीन वर्षांनी. तेव्हाच्या रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, गोळ्या हे सगळं बहुतेकांच्या खिशातून. म्हणजे लाखांचं ऑपरेशन मंजूर आणि ते टिकवायचा खर्च नामंजूर.

आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर दरवर्षी मासेमारीबंदीच्या आधी होड्या वर ओढतात. जूनपासून दोन महिने त्या झापांनी शाकारून ठेवतात, फळी तपासतात, भेगा बुजवतात, तेल लावतात. होडीला पाणी लागलं म्हणून तिला कोणी "फेल गेली" म्हणत नाही. समुद्रात होडी म्हटली की हे काम आलंच, ते होडीच्या खर्चातच धरलेलं असतं. माझ्या शरीराच्या बाबतीत मात्र एकदा पाण्यात ढकललं की काम संपलं, आणि गळायला लागलं तर दोष होडीचा!

ह्या सगळ्याला आपण सगळ्यांनी मिळून खतपाणी घातलंय. सप्टेंबर २०११ मध्ये नितीन गडकरींचं हे ऑपरेशन झालं आणि मराठी घराघरात विषय पोचला. पण चर्चा कशाची? किती किलो उतरले. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद मुंबईत आल्या तेव्हा रोज क्रिकेटच्या स्कोअरसारखे किलो छापून येत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्या वारल्या, तोवर स्कोअर बघणारे पांगले होते. त्याच फेब्रुवारीत महापालिका निवडणुकीच्या दिवशी मध्य प्रदेशातल्या एका जाड्या पोलीस इन्स्पेक्टरचा फोटो मुंबईच्या बंदोबस्तावरचा विनोद म्हणून ट्विटरवर टाकला गेला आणि अख्खा देश हसला. पुढे त्यांचंही मुंबईत ऑपरेशन झालं आणि हसणारेच टाळ्या वाजवायला लागले. हसणं आणि टाळ्या दोन्ही काट्याच्याच बाजूने. माणूस मध्ये कुठेच नाही.

आणि काटा तरी पूर्ण खरं कुठे सांगतो? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन ह्यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या लोकांच्या अंगात कमी वजनातही चरबी जास्त असते आणि साखरही लवकर वाढते. म्हणून वजन परत आल्यावर आरशापेक्षा रक्ताच्या रिपोर्टकडे बघणं आपल्याला जास्त गरजेचं. आणि लाजेपायी आपण नेमकं तेच टाळतो.

मग करायचं काय? मी डॉक्टर नाही, पण ह्या वर्षभरात जे शिकलो ते सांगतो.

पाच किलो परत आले की जा. वीसची वाट बघू नका. मी १९ ची बघितली. गेल्यावर टीम आधी कारण शोधते: नळी सैल झालीय का, ॲसिडिटी वाढलीय का, एखाद्या औषधाने वजन वाढतंय का, झोप, दारू, मूड. त्याप्रमाणे उपाय. आहारात प्रथिनं आधी (आपल्याकडे बांगडा आणि पेडवे असताना प्रोटीन पावडरचे डबे कशाला हवेत, हे माझं वैयक्तिक मत). काहींना स्लीव्हचं बायपास करावं लागतं. काहींना औषध. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत ऑपरेशननंतर पुरेसं वजन न उतरलेल्या ७० जणांपैकी ज्यांना लिराग्लुटाइड दिलं त्यांचं वजन सहा महिन्यांत आणखी साधारण ९ टक्के उतरलं. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतातही आली. पण ही इंजेक्शनंही जादू नाहीत. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन-तृतीयांश परत आलं, हे २०२२ मध्येच छापून आलंय. म्हणजे पुन्हा तेच: हा कायमचा आजार आहे, उपायही कायमचेच. प्रेशरची गोळी बंद केल्यावर प्रेशर वाढलं तर आपण गोळीला फेल म्हणत नाही. पेशंटला तर नाहीच नाही.

"मुंबई पाचशे किलोमीटर, सारखं कोण जाणार?" हेही मी स्वतःला बरंच ऐकवलंय. आमच्या जिल्ह्यात अवघड काही झालं की माणूस शंभरेक किलोमीटरवरचं बांबोळी गाठतो, ही सवयच. पण मार्च २०२० पासून टेलिमेडिसिनचे अधिकृत नियम आहेत. रक्त कुडाळला द्या, रिपोर्ट पाठवा, डॉक्टर व्हिडिओवर. जे हॉस्पिटल ऑपरेशनआधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू शकतं, ते पाच वर्षांनी "बी-१२ तपासलंत का?" एवढा मेसेजही पाठवू शकतं. आणि हॉस्पिटलांना माझी एकच मागणी: भिंतीवर फोटो लावा, जरूर लावा, पण त्याच्या शेजारी पाचव्या वर्षीचा आकडा लावा. आणि किती पेशंट परत आलेच नाहीत, तोही.

वजन उतरलेल्या मित्राला "वा, किती बारीक झालास!" म्हणणाऱ्यांनो, तुम्ही मनापासून म्हणता हे माहीत आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की वजन परत आल्यावर तो आधी तुम्हालाच टाळणार आहे.

मी आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओवर अपॉइंटमेंट आहे, नव्या डॉक्टरांची. फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न होता, 'पूर्वी झालेली ऑपरेशन्स'. ह्या वेळी खरं लिहिलंय.

काकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरां केलंस. आणि येताना माका पण त्या बी-बाराचा इचारून ये, माझे पण पाय झिनझिनतत." :)

तेव्हा आता दोघांचे रिपोर्ट पाठवायचे आहेत. चला, बाकी पुढच्या वीकेंडला.